अनुभव शिकवितो केव्हां?

अनुभवासारखा गुरु नाहीं, असें घरोघर म्हटलें जातें. पण थोडा विचार केला तर या म्हणण्यांत अर्धेंच सत्य आहे असें दिसून येईल. अनुभव कोणास येत नाहीं? पुष्कळ पावसाळे पाहिलेला मनुष्य शहाणा असतोच असें नाहीं. एकाच दगडाची ठेंच दोघांना लागते. पहिला दगडाला शिव्या देऊन पुढें जातो. दुसरा वांकून तो दगड वाटेंतून बाजूला करितो. कळ दोघांनाहि सारखीच आली, धडा मात्र एकालाच मिळाला. तेव्हां अनुभव शिकवितो तो केव्हां, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचें उत्तर शोधावयास महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें चरित्र फार उपयोगी पडतें. त्यांत चमत्कार नाहींत. साध्या माणसाच्या वांट्यास येणारेच प्रसंग आहेत. कर्व्यांचा जन्म १८५८ चा. कोंकणांतील मुरूड गांवीं, बेताच्या परिस्थितींत ते वाढले. मराठी सहावीची परीक्षा देण्यासाठीं ते सह्याद्रीचा घाट ओलांडून, शंभरांहून अधिक मैल पायीं चालून साताऱ्यास गेले. तेथें त्यांचें वय लहान दिसतें, एवढ्याच कारणावरून त्यांना परीक्षेस बसूं दिलें नाहीं. इतके मैल चालून आलेल्या मुलानें पुन्हा तीच वाट तुडवीत परत जावयाचें! दैवाला बोल लावून पुस्तकें बासनांत बांधून ठेवण्यास एवढें निमित्त कोणासहि पुरलें असतें. कर्व्यांनीं अभ्यास सोडला नाहीं. १८८१ मध्यें, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, ते मॅट्रिक झाले आणि १८८४ मध्यें मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांतून पदवीधर झाले. उशीर म्हणजे पराजय नव्हे, हा धडा साताऱ्याच्या वाटेनें त्यांना दिला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

परंतु हा धडा स्वतःपुरताच होता. याहून मोठा धडा पुढें मिळाला. पहिली पत्नी वारल्यावर १८९३ मध्यें त्यांनीं गोदूबाई या विधवेशीं विवाह केला. त्या वेळीं ते पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवीत होते. पुण्यांत त्यांचें चरितार्थाचें साधन शाबूत होतें; पण मुरूडच्या लोकांनीं त्यांच्यावर बहिष्कार घातला, आणि त्याची झळ गांवीं राहणाऱ्या आप्तांना सोसावी लागली. आपल्याच माणसांनीं पाठ फिरवावी, यासारखें दुःख नाहीं. अशा वेळीं मनुष्य एक तर कडवट होतो, नाहीं तर हताश होतो. कर्वे विचार करूं लागले. आपल्या विवाहानें एका स्त्रीचें जीवन मार्गीं लागलें, बाकीच्यांचें काय? पुनर्विवाह सर्वांना साधणारा नव्हता. शिक्षण मात्र पुष्कळांना साधण्याजोगें होतें. १८९६ मध्यें त्यांनीं अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० मध्यें आश्रम पुण्याबाहेर हिंगण्यास गेला. कॉलेजांतील काम आटोपून कर्वे तेथें पायीं जात. साताऱ्याच्या वाटेवर घटलेले पाय आतां दुसऱ्यांच्या लेकीबाळींसाठीं चिखल तुडवूं लागले.

गोदूबाई लग्नानंतर आनंदीबाई झाल्या. त्यांची बहीण पार्वतीबाई आठवले यांची हकीकतहि अशीच बोधप्रद आहे. त्यांना तरुणपणींच वैधव्य आलें. पदरीं एक मुलगा. प्रौढ वयांत त्या शिकल्या आणि आश्रमाच्या कामास लागल्या. आश्रमासाठीं गांवोगांव हिंडून त्यांनीं मदत गोळा केली. इंग्रजी येत नाहीं, ही उणीव त्यांना खुपत होती. पंचेचाळिशी उलटून गेल्यावर, १९१८ मध्यें, त्या एकट्या अमेरिकेस गेल्या, आणि तेथें परक्यांच्या घरीं घरकाम करून त्यांनीं दिवस काढले. ज्या कामास आपल्याकडे कोणी विद्या म्हणत नाहीं, तें चूलमाजघरचें कामच परमुलखांत त्यांचा आधार झालें. ही सारी कथा त्यांनीं ‘माझी कहाणी’ या १९२८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांत सांगितली आहे.

या दोन्ही चरित्रांत एक गोष्ट समान आहे. दुःख झालें तेव्हां, ‘हें माझ्याच वांट्यास कां?’ या प्रश्नापाशीं तीं दोघें अडून राहिलीं नाहींत. ‘उद्यां मी काय करूं?’ आणि ‘या वाटेवर माझ्यासारखें आणखी कोण आहे?’ हे दोन प्रश्न त्यांच्या कृतींतून दिसतात. पहिल्या प्रश्नानें मनुष्य उभा राहतो. दुसऱ्यानें तो दुसऱ्याला उभें करितो.

सर्वांनाच आश्रम काढावयाचा नसतो. पण परीक्षेंत नापास झालेला मुलगा, हाताखालच्या माणसाला मिळालेली बढती, सासरीं पहिल्याच दिवशीं करपलेली भाजी आणि त्यावरून ऐकावे लागलेले शब्द, हे प्रसंग कोणत्या घरांत नसतात? करपलेल्या भाजीवरून बोलणीं खाल्लेली सून पुढें सासू होते. तेव्हां तिच्या तोंडीं तेच शब्द आले, तर अनुभव फुकट गेला. तिनें नव्या सुनेच्या हातांतला झारा घेऊन, “आंच कमी कर, मुली,” एवढेंच म्हटलें, तर त्या घरांत अनुभव खरोखर गुरु झाला.