विद्यापीठाचे दार

झाशीचे नाव निघताच मराठी मनाला किल्ला आठवतो, घोडा आठवतो, पाठीशी बांधलेले मूल आठवते. त्याच झाशीच्या छावणीत सकाळच्या वेळी मात्र निराळेच दृश्य दिसते. गळपट्टा बांधलेली, बूट चकाकत असलेली मुले खाजगी शाळांकडे निघालेली असतात. कोणाचे वडील फौजेत, कोणाचे रेल्वेत, कोणाचे सदर बाजारात दुकान. फी जड असते. पण घरोघर हिशेब एकच असतो : शाळा चांगली, म्हणजे दिल्लीचे, काशीचे किंवा अलाहाबादचे विद्यापीठ ठरलेले. हा हिशेब कितपत बरोबर आहे?

विद्यापीठाच्या दाराची किल्ली कोणाच्या हाती असावी, हा प्रश्न जुना आहे. १८८६ साली झाशी शिंद्यांकडून पुन्हा इंग्रजांकडे आली आणि पुढच्याच वर्षी अलाहाबाद विद्यापीठ स्थापन झाले. तोपर्यंत या प्रांतातली महाविद्यालये दूरच्या कलकत्ता विद्यापीठाशी जोडलेली असत. प्रवेशाची परीक्षा विद्यापीठच घेई आणि दारही तेच उघडी. उत्तरपत्रिका सरकारी शाळेतल्या मुलाची की खाजगी शाळेतल्या, हे तपासनिसाला ठाऊक नसे.

मुंबई इलाख्यातही हीच रीत होती. जानेवारी १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढले. आगरकर आणि वामन शिवराम आपटे त्यांना येऊन मिळाले. पहिल्या वर्षी टिळकांनी वेतन घेतले नाही. अशा या शाळेची मुले मॅट्रिकला बसली आणि संस्कृतासाठी असलेली मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी पटकावली. त्या काळी ‘खाजगी शाळा’ या शब्दांत शिक्षकाचा त्याग होता. आज बहुधा पालकाचा असतो.

पुढे किल्ली हलली. संयुक्त प्रांतात १९२१ च्या कायद्याने परीक्षा मंडळ निर्माण झाले आणि शालान्त परीक्षा विद्यापीठाच्या हातून सुटली. कालांतराने देशात मंडळे अनेक झाली. गुणांची नाणी वेगवेगळ्या टांकसाळींत पडू लागली. एका मंडळाचे नव्वद आणि दुसऱ्याचे नव्वद सारखेच, हे कोणी सांगावे? २०२१ साली दिल्ली विद्यापीठाच्या काही महाविद्यालयांत काही विषयांची पहिली प्रवेशमर्यादा शंभर टक्क्यांवर गेली. एक गुण गेला की दार बंद!

२०२२ पासून केंद्रीय विद्यापीठांच्या पदवी अभ्यासक्रमांसाठी सामायिक प्रवेश परीक्षा सुरू झाली. पहिल्याच वर्षी सुमारे १५ लाख विद्यार्थ्यांनी नावे नोंदवली. ती तेरा भाषांत देता येते आणि त्यांत मराठीही आहे. म्हणजे किल्ली बऱ्याच अंशी पुन्हा परीक्षेच्या हाती आली. छावणीतल्या पालकाचा हिशेब चुकतो तो येथेच. या परीक्षेचा पाया राष्ट्रीय शैक्षणिक परिषदेची साधी, स्वस्त पाठ्यपुस्तके हा आहे. महागड्या शाळेतला मुलगा गुळगुळीत कागदाची जाड पुस्तके वाचतो आणि कधी कधी ही साधी पुस्तके त्याने उघडलेलीही नसतात. सरकारी शाळेतल्या मुलीने तीच तीनदा वाचलेली असतात.

म्हणून न्याय पुरता झाला, असे मात्र नव्हे. शाळेच्या फीच्या जागी शिकवणी वर्गाची फी उभी राहते आणि ज्याला ती परवडत नाही, तो पुन्हा उंबरठ्याबाहेर राहतो.

मग खाजगी शाळा व्यर्थ काय? तसे नाही. चार पर्यायांतून एक निवडण्याच्या परीक्षेने दार उघडते; पण आत गेल्यावर विद्यापीठ वेगळेच मागते. तेथे ग्रंथालयात एकट्याने बसावे लागते, आपले मत चार पानांत मांडावे लागते, शंका विचारावी लागते आणि न कळलेले न कळले म्हणावे लागते. ही सवय ज्या शाळेने लावली, तिची फी सार्थकी लागली. मग ते मूल दिल्लीला जावो किंवा १९७५ पासून झाशीतच असलेल्या बुंदेलखंड विद्यापीठात. जिने केवळ गळपट्टा बांधायला शिकवले, तिची फी मोठी असूनही शिक्षण उणेच राहिले.

पालकाने शाळा निवडताना दाराची चौकशी जरूर करावी. पण दारापलीकडे मूल स्वतःच्या पायांवर चालेल काय, हेही विचारावे. परीक्षेचा दिवस एकच असतो. पुढची वाट मात्र त्याची त्यालाच चालायची असते.