कुत्र्या-मांजराचं दुखणं ओळखावं कसं?



बैलानं वैरण सोडली की आपल्या घरात लगेच धावपळ सुरू होते. कुणीतरी गुरांच्या डॉक्टरांकडे निघतो. कुत्र्या-मांजराच्या वाट्याला ही काळजी येत नाही. दत्ताच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांना आपण रोज हात जोडतो. पण दारातलं कुत्रं दोन दिवस जेवलेलं नाही, हे ध्यानात यायला तिसरा दिवस उजाडतो. हा उशीर कधी कधी माणसाच्याही जिवावर बेततो.

मी लहान असतानाची गोष्ट सांगतो. अमळनेर तालुक्यात आमच्या मळ्यावर मोत्या नावाचं कुत्रं होतं. एके दिवशी ते कडब्याच्या गंजीमागे, अंधाऱ्या जागी जाऊन बसलं. हाक मारली तरी येईना. खालचा जबडा लोंबत होता, लाळ गळत होती, आवाज घोगरा झाला होता. घशात हाड अडकलं असेल, असं समजून काकांनी त्याच्या तोंडात हात घातला. हाड सापडलं नाही. बोटाला दात मात्र लागला. तिसऱ्या दिवशी मोत्या मेला. गावातल्या मास्तरांनी सगळी हकिगत ऐकली आणि काकांना तडक धुळ्याला पाठवलं. त्या काळी ही इंजेक्शनं पोटात घ्यावी लागत. काकांनी ती सगळी घेतली आणि ते बचावले.

काकांचं चुकलं कुठे? पिसाळलेलं कुत्रं म्हणजे अंगावर धावून येणारं, अशी आपली समजूत असते. पण पिसाळण्याचा दुसरा, मुका प्रकारही आहे. त्यात कुत्रं गप्प होतं. जबडा आणि घसा लुळा पडतो, गिळता येत नाही. दुसरी समजूत पाण्याच्या भीतीची. ती भीती माणसाच्या रोगात दिसते. पिसाळलेलं कुत्रं पाण्याला तोंड लावतं, म्हणून निर्धास्त राहू नये.

मुक्या जनावराची बदललेली सवय हीच त्याची तक्रार असते. माणसाळलेलं कुत्रं एकाएकी गुरगुरू लागलं, किंवा अंगावर येणारं कुत्रं एकाएकी लाडात आलं, तर दोन्ही गोष्टी सारख्याच विचार करायला लावणाऱ्या आहेत. आणि बदल ओळखायचा, तर धड असतानाची सवय आधी ठाऊक हवी. ते किती खातं, कुठे झोपतं, कसं चालतं, याकडे रोज नजर असू द्या.

शेपूट हलवणारं प्रत्येक कुत्रं मित्र नसतं. शेपूट ताठ, अंग ताठ आणि नजर रोखलेली असेल, तर दूर राहावं. जेवणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिलांजवळच्या कुत्र्याला मुलांनी हात लावू नये.

मांजर आपलं दुखणं लपवतं. ते कोपऱ्यात दडून बसलं, अंग चाटेनासं झालं, तर काहीतरी बिघडलं आहे असं समजा. गुरगुर आवाज करतंय म्हणजे खुशीत आहे, असंही नाही; वेदनेतही ते तसा आवाज करतं. बोका वारंवार लघवीला बसतो पण लघवी होत नाही, असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आपल्या खानदेशचा उन्हाळा तुम्हांला ठाऊकच आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते धापा टाकून अंग थंड करतं. फार धापा टाकत झोकांड्या खाऊ लागलं, तर सावलीत न्यावं, अंगावर साधं पाणी ओतावं, वारा घालावा आणि डॉक्टरांना दाखवावं. कपाशीवर फवारणी झाल्यावर कुत्र्याला लाळ सुटली, अंग थरथरू लागलं, तर विषबाधेची शंका घ्यावी आणि औषधाचा डबा डॉक्टरांना दाखवावा. आपल्या गोळ्या जनावराला देऊ नयेत. तापावरची पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

आता सर्वांत महत्त्वाचं. कुत्रं किंवा मांजर चावलं, ओरबाडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवावी. मिरची, चुना, हळद काही भरू नये. मग लगेच सरकारी दवाखान्यात जावं. कुत्र्यावर दहा दिवस नजर जरूर ठेवावी, पण लस त्यासाठी थांबवू नये. लस आता दंडात किंवा कातडीत टोचतात. पोटातल्या इंजेक्शनांचे दिवस गेले. मात्र सांगितलेल्या तारखांना सगळी इंजेक्शनं घ्यावीत. लुई पाश्चर यांनी १८८५ साली जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस दिली, तेव्हापासून माणसाच्या हाती हा उपाय आहे. पण रोगाची लक्षणं दिसू लागल्यावर तो चालत नाही. मग रोगी वाचणं जवळजवळ अशक्यच.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. मुलं मार बसेल या भीतीनं ओरखडा घरी लपवतात. वर्गात एकदा स्पष्ट सांगा, की कुत्रं चावलं तर कुणी रागावणार नाही, पण त्याच दिवशी सांगायचं. आणि पिलू तीन महिन्यांचं झालं की त्याला पिसाळण्याची लस टोचून घ्या, पुढे दर वर्षी डॉक्टर सांगतील तशी घ्या. कुत्रं आपल्या घराची राखण करतं. त्याची एवढी राखण आपण करायला हवी.