खाणीच्या पाण्याची वाट आधी ठरवा

डिचोली, सत्तरी, सांगे भागात हिंडताना एक वाक्य वारंवार कानावर येतं : "साहेब, पाऊस देवाचा. शेतात खाणीची माती आली तर दाद कुणाकडे मागायची?" पाऊस देवाचा खरा, पण खाणीवर पडलेलं पाणी कुठून जाईल हे माणूस ठरवतो. आणि ते खाण सुरू होण्याआधी, परवानगीच्या कागदावर ठरतं.

आधी पाण्याचा हिशेब करू. एक हेक्टरवर 100 मिलिमीटर पाऊस पडला की 10 लाख लिटर पाणी होतं. आपल्याकडे आषाढात एका दिवसात एवढा पाऊस नवा नाही. झाडीचा डोंगर त्यातलं बरंच जिरवतो. उघडी खाण आणि टाकाऊ मातीचा ढीग तेवढं जिरवत नाहीत. बारीक तांबडी माती घेऊन पाणी व्हाळात आणि व्हाळातून शेतात उतरतं. ही माती वाळली की पापुद्रा धरते. तिच्यात सेंद्रिय अंश जवळजवळ नसतो आणि भाताच्या रोपांची वाढ खुंटते.

गोव्यातल्या 2018 साली थांबलेल्या खाणी लिलावानंतर टप्प्याटप्प्याने पुन्हा सुरू होत आहेत. मोठ्या खाणीला पर्यावरण मंजुरी देण्याआधी जनसुनावणी होते. तिची निदान 30 दिवस आधी सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत पाहायला मिळतो. तो वाचा, नकाशा उघडायला सांगा आणि हे विचारा :

1. डोंगराच्या वरच्या अंगाचं स्वच्छ पाणी खाणीत न शिरता बाहेरून जाईल, असा चर भोवताली आहे का?

2. ढिगाला पायऱ्या आहेत का? पायऱ्यांचा उतार आतल्या बाजूला आणि पायथ्याला दगडी भिंत आहे का?

3. चर आणि गाळ बसवण्याचा तलाव किती पाऊस धरून आखले? मंजुरीपत्रात बहुधा 50 वर्षांच्या पावसाचे आकडे धरून वर 50 टक्के जादा क्षमता ठेवण्याची अट असते. तासाला 100 मिलिमीटर या वेगाने पाऊस कोसळला, तर एका उघड्या हेक्टरवरून सेकंदाला सुमारे 200 लिटर पाणी येतं. दहा हेक्टरवरून 2,000 लिटर. हातभर रुंद, हातभर खोल चरात ते मावेल का, तुम्हीच सांगा.

4. तलावाचं पाणी कुठल्या व्हाळात सुटणार? त्या व्हाळावर कुणाची शेतं, कुणाची कुळागरं आहेत? तलावातला गाळ मे महिन्यात आणि भर पावसातही कोण काढणार?

5. वरची सुपीक माती वेगळी राखणार का? ढिगावर गवत, वाळा, काजू कधी लावणार? खाण संपल्यावर लावू, हे उत्तर मान्य करू नका. ढिगाचा जो भाग पुरा झाला, तो त्याच पावसाळ्यात हिरवा झाला पाहिजे.

नुसतं बोलून थांबू नका. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या.

आता आपल्या शेताचं. पावसाआधी मेरा बांधून घ्या. व्हाळाचं पाणी शेतात शिरतं तिथे एक खड्डा ठेवा, म्हणजे जाड गाळ तिथेच बसेल. पाणी तांबडं दिसलं की शेताचं तोंड बंद करा.

तरीही गाळ आलाच, तर लगेच नांगर घालू नका. आधी काठीने थराची जाडी मोजा, तारखेसह फोटो काढा, पंचायत, मामलेदार आणि विभागीय कृषी कार्यालय यांना अर्ज द्या. पंचनाम्याआधी गाळ उपसला तर पुरावा जातो. पंचनामा झाल्यावर, थर ओलसर असतानाच तो खरवडून काढा आणि पावसाने परत येणार नाही अशा जागी टाका. मग भरपूर शेणखत आणि गिरिपुष्पाचा पाला घाला. चुना मात्र माती तपासल्याशिवाय घालू नका.

पुढच्या वेळी कुणी म्हणालं, पाऊस देवाचा, तर त्याला म्हणा, चर माणसाचा. तो कागदावर कुठे काढला आहे, दाखवा.