बायपासचे ऑपरेशन आणि आपण
(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. मॅट्रिक झालेला साधा मास्तर आहे. शाळेत किती वर्षे फळ्यावर हृदयाचे चित्र काढून मुलांना शिकवले. पण 2021 साली माझ्याच हृदयाचे ऑपरेशन झाले, तेव्हा कळले की आपल्याला फारसे काही ठाऊक नव्हते. म्हणून आज अनुभवाचे चार शब्द सांगतो.

हृदय म्हणजे आपल्या मुठीएवढा पंप. तो साऱ्या अंगाला रक्त पुरवतो. पण त्याला स्वतःलाही रक्त लागतेच ना? ते रक्त बारीक रक्तवाहिन्यांतून येते. त्यांच्या आत चरबीचा थर साचतो आणि वाट अरुंद होते. मग चढ चढताना छाती दाटते, दम लागतो, कधी हात दुखतो, जबडा दुखतो.

पाटात गाळ साचून पाणी अडले, तर शेतकरी काय करतो? अडलेल्या जागेला वळसा घालून नवी चारी काढतो. बायपास म्हणजे तेच. पायातली शीर किंवा छातीच्या आतली रक्तवाहिनी घेतात आणि अडथळ्याच्या पुढे जोडतात. शीर काढली म्हणून पाय अधू होत नाही. दुसऱ्या शिरा तिचे काम करतात. पायातली शीर वापरण्याची ही रीत रेने फावालोरो या सर्जनने 1967 साली अमेरिकेत क्लीव्हलँड येथे रूढ केली. त्याआधी बारा वर्षे ते आपल्या अर्जेंटिना देशात खेड्यातले डॉक्टर होते.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांपासून काही लपवू नका. तंबाखू, बिडी, दारू, मधुमेह, चालू गोळ्या, झाडपाल्याचे औषध, सगळं सांगा. खर्चाची धास्ती वाटली, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र असतो. रेशन कार्ड घेऊन त्याला भेटा.

ऑपरेशनला काही तास लागतात. छातीचे मधले हाड कापतात आणि शेवटी तारेने बांधतात. शुद्धीवर येताना घशात नळी असते, बोलता येत नाही. घाबरू नका. ती पुढे काढतात. खोकताना उशी छातीशी धरा. हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात. तोवर घागर, पोते उचलू नका. ताप आला, जखमेतून पू आला, हाड आतून कटकट वाजले, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. काही दिवस मन उदास होते, उगाच रडू येते. त्यात लाज कसली? डॉक्टरांना तेही सांगा.

आता माझी चूक सांगतो. चार महिन्यांत मी ठणठणीत झालो. म्हटलं, नवी चारी झाली, आता गोळ्या कशाला? गुपचूप बंद केल्या. तंबाखूची चिमूटही पुन्हा सुरू झाली. वर्षभराने शेतावर जाताना छाती दाटली. 108 ची गाडी बोलावली. जोडलेल्या शिरांपैकी एक बंद झाली होती. वेळेवर पोचलो, म्हणून वाचलो.

घरी आल्यावर वहिनीने ट्रंकेतून रुग्णालयाचा मराठी सूचनांचा कागद काढला. ती याच वर्गात अक्षरे शिकली आहे. बोट ठेवत ठेवत तिने वाचले आणि म्हणाली, "भाऊजी, यात तर लिहिलंय, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नये!" मी हेडमास्तर! तो कागद मी एकदाही उघडला नव्हता. मान खाली गेली.

मंडळी, चारी नवी काढली, तरी वरून येणारा गाळ थांबत नाही. ऑपरेशनने वाट मिळते, रोग जात नाही. गाळ थांबवणे आपल्या हाती आहे. गोळ्या रोज घ्या. तंबाखू कायमचा सोडा. डॉक्टर सांगतील तेवढे रोज चाला. तेल, तूप, मीठ बेताने खा. रक्तदाब आणि साखर तपासत जा. छातीत पुन्हा दुखले, तर वाट पाहू नका. 108 ला फोन करा.

आणि रुग्णालयातून मिळालेला कागद ट्रंकेत टाकू नका. वाचा. घरच्यांना वाचून दाखवा. अडले, तर विचारा. माझ्या वहिनीने वाचला, म्हणून आज मी तुमच्यापुढे उभा आहे.