नळीचे माप



म्हैसूरपासून सुमारे २५ किलोमीटरवर बन्नूर नावाचे गाव आहे. तेथील मेंढी दक्षिणेत प्रसिद्ध आहे. उंचीने ती ठेंगणी, परंतु अंगाने भरलेली. नुसती उंची पाहून तिच्या वजनाचा अंदाज बांधणारे गिऱ्हाईक फसावयाचेच. माणसाच्या देहाविषयीही असा अंदाज चुकतो. फरक इतकाच, की तेथे ती चूक प्राणांवर बेतू शकते.

फुप्फुसावर शस्त्रक्रिया करताना त्या बाजूचे फुप्फुस निश्चल हवे आणि रुग्णाचा श्वास तर चालू राहिला पाहिजे. हा पेच एका दुहेरी नळीने सोडविला. १९४९ साली स्वीडनच्या कार्लेन्स यांनी ती तयार केली, ती दोन्ही फुप्फुसांचे कार्य वेगवेगळे मोजण्यासाठी. लवकरच ती शस्त्रक्रियेतही आली, कारण रोगट फुप्फुसातील पू निरोगी बाजूस उतरू न देणे अगत्याचे होते. क्षयाची दहशत म्हैसूरनेही अनुभवली आहे. तेथील क्षयरोग-आरोग्यधामाला त्याच रोगाने हिरावून नेलेल्या राजकन्या कृष्णाजम्मण्णी यांचे नाव आहे.

श्वासनलिका छातीत दुभंगते. उजव्या शाखेला सुमारे दोन सेंटिमीटरवरच पहिला फाटा फुटतो. डावी शाखा मात्र जवळजवळ पाच सेंटिमीटर सरळ जाते. म्हणून नळीचे टोक बहुधा डावीकडे बसवितात. मोठ्यांसाठी ३५, ३७, ३९, ४१ अशी नळ्यांची मापे प्रचलित आहेत. लगतच्या दोन मापांच्या जाडीत एक मिलिमीटरचेही अंतर नाही! तरीही नळी मोठी झाली तर शाखेला इजा होते, क्वचित ती फाटतेही. लहान झाली तर टोक खोल सरकून एखाद्या भागाची हवाच तोडते.

पूर्वीपासून रुग्णाची उंची आणि तो स्त्री की पुरुष, एवढ्यावरून नळी निवडण्याची वहिवाट आहे. परंतु समान उंचीच्या दोन माणसांच्या श्वासमार्गाची रुंदी समान असेलच असे नाही. १९७१ साली हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने जिवंत माणसाच्या मेंदूचे चित्र टिपले. त्याच तंत्राच्या वाढीतून आज छातीचे आडवे छेद पडद्यावर दिसतात. रोगाच्या निदानासाठी असा स्कॅन बहुधा झालेलाच असतो. भूलतज्ज्ञाने त्याच चित्रावर डाव्या शाखेची रुंदी मोजावी, नळी निवडावी, आणि बसविल्यावर दुर्बिणीने जागा पडताळून पाहावी.

बन्नूरहून म्हैसूरला येणाऱ्या शेतकऱ्याला यातले काहीच ठाऊक नसते. तो विश्वासाने डोळे मिटतो. त्या विश्वासाला जागावयाचे, तर अंदाजावर न विसंबता त्याचे माप आधीच घेतलेले असावे.