सेवा आणि सेवेमागील घर
(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत दिलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी ज्यांनी सेवा केली त्यांची नावे आदराने घ्यावी, असा आपल्या धर्मग्रामाचा प्रघात आहे, आणि तो सर्वथा योग्य आहे. कोणी वर्षानुवर्षे सणाचा मंडप घातला, कोणी मयताच्या घरी सर्वांच्या आधी जाऊन उभे राहिले, कोणी परगावच्या रुग्णास इस्पितळाची वाट दाखविली. अशा मंडळींविषयी बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. परंतु आपल्याच माणसांची आपल्याच तोंडाने स्तुती करण्यात आम्हांस संकोच वाटतो. म्हणून आपल्या शेजारच्या, आपल्या धर्माबाहेरच्या, पण अस्सल वऱ्हाडी अशा एका दीर्घ आयुष्याचे स्मरण आज करावे, असे आम्ही योजिले आहे. ते आयुष्य श्री. गाडगे महाराजांचे होय.

बाबांचे नाव ऐकले नाही असा मनुष्य या सभेत नसेल. त्यांच्या नावाचे विद्यापीठ अमरावतीस आहे, त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छतेची मोहीम महाराष्ट्र सरकारने चालविली. चिंध्यांचे वस्त्र, हाती झाडू, डोक्यावर किंवा हातात मातीचे गाडगे, एका कानात कवडी व दुसऱ्या कानात बांगडीची काच, ही मूर्ती लहान मुलांसही ठाऊक आहे. तथापि चित्र फार परिचयाचे झाले म्हणजे त्यात काय काढलेले नाही हे पाहण्याचे कोणी मनात आणीत नाही. या चित्रात मनुष्य एकटा आहे. आम्हांस त्याच्या घराविषयी बोलावयाचे आहे.

त्यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परिटाच्या घरी झाला. नाव डेबूजी. वडील झिंगराजी दारूच्या पायी खंगून गेले, आणि आई सखूबाई लहानग्यास घेऊन अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यात, दापुरे गावी, आपल्या भावाच्या आश्रयास आली. येणेप्रमाणे जन्म अमरावतीकडचा आणि वाढणे अकोल्याकडचे. वऱ्हाडच्या या दोन्ही जिल्ह्यांचा त्यांच्यावर सारखाच हक्क आहे. डेबूजीने मामाची गुरे राखली, नांगर धरला, आणि त्याच मामाची जमीन सावकाराच्या कर्जात जाताना डोळ्यांनी पाहिली. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. पुढे आयुष्यभर दारू व कर्ज या दोन गोष्टींवर ते इतके तुटून का पडत, याचे उत्तर शोधण्यास दूर जाण्याचे कारण नाही.

१८९२ साली कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. मुलीच्या बारशास जातीच्या रिवाजाप्रमाणे मांस व दारू न देता त्यांनी गोड जेवण घातले, तेव्हा जमलेल्या पंगतीत मोठीच कुरकुर झाली. आमच्या मते त्यांच्या सार्वजनिक कार्याचा आरंभ कोठल्याही तीर्थावर नव्हे, तर त्या घरगुती पंगतीत झाला. आणि त्या दिवशी चूल कोणी पेटविली असेल, नातलगांचे टोमणे दुसऱ्या दिवसापासून कोणी ऐकले असतील, हेही उघडच आहे.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. वय एकोणतिशीच्या उंबरठ्यावर. मागे म्हातारी आई, पत्नी आणि मुले. पुढे त्यांचे नाव सर्वत्र झाले, पैसा त्यांच्या शब्दासरशी जमू लागला, मूर्तिजापुरास धर्मशाळा उभी राहिली. आणि कुंताबाई व मुले त्याच मूर्तिजापुरात झोपडीत राहिली. धर्मशाळेच्या सुखसोयींवर आपल्या माणसांचा यत्किंचितही हक्क नाही, असा बाबांचा कडक दंडक होता. लोकांनी दिलेल्या पैशाला घरचा वास लागू नये, यासाठी त्यांनी घरच्यांनाच दूर ठेविले.

बंधुभगिनींनो, या गोष्टीची स्तुती करणे सोपे आहे, आणि ती सर्वांनी केलीही आहे. सार्वजनिक पैसा हाताळणाऱ्या प्रत्येकाने ती झोपडी पाहून यावी, असे आम्हांसही वाटते. तथापि झोपडीत राहण्याचा निर्णय एकाचा होता आणि राहणे दुसऱ्यांचे होते. १९२३ साली त्यांचा तरुण मुलगा गोविंद वारला. बाबा तेव्हा कोकणात होते. कीर्तनात असता त्यांस बातमी कळली, आणि त्यांनी कीर्तन थांबविले नाही. ही हकीकत वैराग्याचे उदाहरण म्हणून व्याख्यानांतून सांगतात. आम्ही ती जेव्हा जेव्हा ऐकली, तेव्हा आमच्या मनात एकच प्रश्न आला की, त्या दिवशी घरी कोण होते? घरी मुलाची आई होती. तिच्यापुढे श्रोते नव्हते.

हे बोलून आम्ही बाबांचे थोरपण कमी करीत नाही. आमचे म्हणणे इतकेच की, त्या थोरपणाचा हिशेब दोन खात्यांवर मांडला पाहिजे. आपल्या धर्मग्रामातही जो गृहस्थ रात्री-अपरात्री आजाऱ्याच्या मदतीस धावतो, त्याच्या घरी कोणी तरी दार उघडे ठेवून जागत असते. जी भगिनी आठवड्यातून दोन दिवस निराधार मुलांना शिकविते, तिचा स्वयंपाक त्या दिवशी सासू किंवा थोरली मुलगी करते. पुस्तिकेच्या व्यवस्थापक मंडळींस आमची नम्र विनंती आहे की, स्वयंसेवकांच्या नावांपुढे त्यांच्या घरच्या माणसांचीही नावे छापावीत. पाने वाढतील हे खरे. वर्गणीही थोडी वाढवावी.

असो. आता त्या सेवेच्या रीतीकडे वळू, कारण ती मोठी शिकण्यासारखी आहे. भातकुली तालुक्यात पूर्णेच्या काठी ऋणमोचन नावाचे क्षेत्र आहे. पौष महिन्यातील रविवारी तेथे यात्रा भरते. पूर्णाकाठची काळी चिकण माती कशी असते, हे या सभेत समजावून सांगावयास नको. ओली झाली की चांगला धडधाकट माणूसही तिच्यावर उभा राहात नाही, मग म्हाताऱ्याकोताऱ्यांची काय कथा! घर सोडल्यावर बाबांनी प्रथम हात घातला तो या चिखलात. यात्रेकरूंस उतरता चढता यावे म्हणून काठ नीट करणे, घाण उचलणे, हेच काम. पुढे १९०८ साली तेथे घाट झाला. ज्याचा पाय घसरतो त्यास पायरी हवी, इतका साधा विचार त्यामागे होता, आणि एवढ्या साध्या विचारास माणसे जमविणे हेच अवघड असते.

माणसे जमविण्याची त्यांची युक्ती अशी. सकाळी कोणत्याही गावात शिरावे आणि कोणास न विचारता रस्ता झाडू लागावे. गावकरी प्रथम पाहात, मग लाजत, मग स्वतःच्या हाती झाडू घेत. सायंकाळी त्याच स्वच्छ केलेल्या जागी कीर्तन. कीर्तनात ते अस्सल वऱ्हाडी बोलीत श्रोत्यांस प्रश्न विचारीत आणि उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून वदवून घेत. कर्ज काढून सण करावा काय? बकरे कापल्याने देव प्रसन्न होतो काय? हजारो कंठांतून ‘नाही’ निघाले म्हणजे तो गावाचाच ठराव होई. त्यांच्या पायां पडू पाहणाऱ्यास मात्र ते जवळ येऊ देत नसत. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईस वांद्रे येथे केलेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले आहे. ज्यांनी ऐकले नसेल त्यांनी अवश्य ऐकावे.

त्यांच्या स्नेहसंबंधांविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत. स्वतः निरक्षर असलेल्या या पुरुषाचे स्नेही पाहिले तर आश्चर्य वाटते. रयत शिक्षण संस्थेचे कर्मवीर भाऊराव पाटील, शिवाजी शिक्षण संस्थेचे डॉ. पंजाबराव देशमुख, मोझरीचे तुकडोजी महाराज, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर. जे आपणांस मिळाले नाही ते दुसऱ्यांच्या मुलांस मिळावे, ही तळमळ या मैत्रीच्या मुळाशी होती. पंढरपुरास अस्पृश्य यात्रेकरूंस कोणी आसरा देत नसे, म्हणून १९१७ साली बाबांनी तेथे चोखामेळा धर्मशाळा उभारली. तीच इमारत १९४९ साली त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीस विद्यार्थ्यांकरिता देऊन टाकली. तीस वर्षे जपलेली वास्तू कामाचे स्वरूप बदलले म्हणून दुसऱ्याच्या स्वाधीन करणे, हे आम्हांस ती बांधण्याहून कठीण वाटते. संस्था उभी करणारे पुष्कळ आढळतात. वेळ आली असता किल्ली हातावेगळी करणारे विरळा. आमच्या ओळखीच्या काही मंडळांतून तर अध्यक्षांच्या खुर्चीची वीण उसवली तरी अध्यक्ष बदलत नाहीत!

आपल्यापैकी ज्यांस घरच्या आजाऱ्यास घेऊन मुंबईस जावे लागले आहे, त्यांनी जे. जे. रुग्णालयाजवळची गाडगेबाबांची धर्मशाळा पाहिली असेल. दादर येथेही त्यांच्या नावे कर्करोगाच्या रुग्णांसाठी व त्यांच्या सोबत्यांसाठी धर्मशाळा आहे. रुग्णास खाट इस्पितळ देते. परंतु त्याच्या उशाशी बसलेल्या बायकोने रात्री पाठ कोठे टेकावी, हा विचार इस्पितळाचे नकाशे करणाऱ्यांस सहसा सुचत नाही.

येथे अमरावतीच्याच दुसऱ्या एका दीर्घायुषी पुरुषाची आठवण होते. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ साली शहराबाहेर तपोवन स्थापन करून कुष्ठरोग्यांस औषधाबरोबर उद्योग दिला आणि संसारही दिला. १८९२ साली जन्मलेले हे गृहस्थ १९८६ पर्यंत आपल्यात होते. बाबांनी सेवेसाठी घर सोडले. डॉक्टरांनी, ज्यांची घरे सुटली होती त्यांस सेवेतून घर करून दिले. या दोहोंत श्रेष्ठ कोणता मार्ग, हा वाद आम्ही घालणार नाही. बहुतेकांचा मार्ग या दोहोंच्या मधला असतो, आणि त्यात रविवारची दुपार व संध्याकाळचा एखादा तास एवढेच हाती येते. तेवढ्यानेही पुष्कळ कामे झाली आहेत.

१९५६ च्या डिसेंबरात, म्हणजे आपला अमरावती धर्मप्रांत ८ मे १९५५ रोजी नागपुरापासून वेगळा होऊन त्यास दोन वर्षेही झाली नव्हती तेव्हा, बाबांची प्रकृती ढासळली. ६ डिसेंबर रोजी डॉ. आंबेडकर गेले होते. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, वलगावहून अमरावतीस येत असता पेढी नदीच्या पुलापाशी मोटारीतच बाबांचा प्राण गेला. वयाचे ऐंशीवे वर्ष उलटले होते. त्यांतील एक्कावन्न वर्षे रस्त्यावर गेली होती, आणि शेवटही रस्त्यावरच आला. समाधी अमरावतीस आहे. त्या वस्तीस गाडगेनगर म्हणतात.

मूर्तिजापूर व दापुरे अकोल्याच्या मंडळींस जवळ आहेत, शेंडगाव व ऋणमोचन अमरावतीकरांस. पूर्वी मूर्तिजापुराहून अचलपुरास शकुंतला नावाची छोटी आगगाडी जात असे, ती आता बंद आहे. तरी मोटारीची सोय आहे. येत्या पौषात एखाद्या रविवारी मिस्सा झाल्यावर आपल्यापैकी काहींनी ऋणमोचनचा घाट पाहून यावा. जाताना घरातील एखादे वृद्ध माणूस बरोबर न्यावे, आणि पायऱ्या उतरताना त्यास हात द्यावा.