ताई, बाई आणि काय

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



शाळेला साठ वर्षे पूर्ण झाली की निकालांचे आकडे, इमारतीचा इतिहास आणि देणगीदारांचे ऋण यांविषयी बोलण्याची रीत आहे. ते काम आजच्या इतर वक्त्यांनी उत्तम प्रकारे केले आहे. या भाषणाचा विषय थोडा हलका आहे. बालवाडी, पहिली आणि दुसरीच्या वर्गांत रोज जो हशा पिकतो, त्याचा हा विषय. त्याची नोंद ना हजेरीपटात होते, ना प्रगतिपुस्तकात.

बंगळुरूतल्या मराठी वर्गातला हशा पुण्याच्या किंवा नाशिकच्या वर्गातल्या हशाहून निराळा असतो, कारण येथे प्रत्येक मूल दोन भाषांच्या मधल्या भिंतीवर बसलेले असते. बालवाडीचेच पाहा. बालवाडीतल्या शिक्षिकेला मराठीत ‘ताई’ म्हणतात. 1926 मध्ये गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे बोर्डीला आणि कोसबाडला बालवाडीचे काम वाढले, आणि ताराबाई व अनुताई वाघ दोघीही मुलांच्या लेखी ताईच होत्या. मारणारा, ओरडणारा मास्तर जाऊन त्याच्या जागी मोठी बहीण यावी, ही त्या शब्दामागची भावना. पण कन्नडमध्ये ‘तायी’ म्हणजे आई! घरी कन्नड बोलणारी एक माता पहिल्याच आठवड्यात फाटकापाशी उभी होती. तिच्या लेकीने एकापाठोपाठ एक पाच जणींना ‘ताई’ म्हणून हाक मारली, तेव्हा तिचा चेहरा पाहण्यासारखा झाला. नऊ महिने वाहिले कुणी आणि आई झाल्या किती!

पुढच्या वर्षी मूल पहिलीत जाते आणि ताईंच्या जागी ‘बाई’ येतात. कन्नडमध्ये ‘बायी’ म्हणजे तोंड. त्यामुळे ‘आमच्या बाई खूप चांगल्या आहेत’ हे वाक्य शेजारच्या कन्नड आजीला निराळेच ऐकू येते. बालवाडीतली ती आई आणि पहिलीतले ते तोंड, ही वाटणी सकाळी आठपासून बोलत राहणाऱ्या पहिलीच्या शिक्षिकांना फारशी अमान्य नसावी.

असे शब्द मोजायला बसले तर दिवस पुरणार नाही. ‘ऊठ’ म्हटले की एखादा मुलगा उठण्याऐवजी डबा उघडतो, कारण ‘ऊट’ म्हणजे जेवण. ‘पाच आणि तीन किती?’ याला ‘आठ’ असे उत्तर आले की मागच्या बाकावरचे दोघे दाराकडे पाहतात, कारण ‘आट’ म्हणजे खेळ. छायाचित्र काढताना ‘कुणी हालू नका’ म्हटले, तर ‘हालु’ म्हणजे दूध कुणाला नको आहे याची चौकशी सुरू होते. ‘हल्ली पाऊस फार पडतो’ म्हणताच निम्मा वर्ग मान वर करून छताकडे पाहतो, कारण ‘हल्ली’ म्हणजे पाल. ‘नाय, नाय’ म्हणत रडणाऱ्या मुलाची समजूत काढायला आलेली शिपाई अक्का आधी कुत्रा हाकलायला काठी शोधते. नायी म्हणजे कुत्रा, हे तिच्या बाजूने अगदी बरोबर असते.

या शेजाराचे वय फार मोठे आहे. विजापूरच्या रणदुल्लाखानाने 1638 मध्ये बंगळूर जिंकले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, तेव्हापासून तरी या गावात मराठी कानावर पडत आली आहे. अण्णा आणि अक्का दोन्ही भाषांच्या घरांत सारखेच नांदतात. आपले तूप आणि त्यांचे तुप्प एकाच शिंकाळ्यात टांगलेले आहे. 2015 च्या कन्नड भाषा अध्ययन कायद्यानंतर राज्यातल्या प्रत्येक शाळेत कन्नड ही पहिली किंवा दुसरी भाषा झाली. पण मुलांनी हा कारभार कायद्याची वाट न पाहता, डब्यातल्या चित्रान्नाबरोबर केव्हाच सुरू केला होता.

मुलांच्या बोलण्यातील सगळ्याच गमती कन्नडमुळे होतात असेही नाही. ‘बाई, मी अभ्यास करला’, ‘माझा फुगा मरला’, ‘बाबा काल येले’ ही वाक्ये अस्सल मराठी घरांतूनही येतात. कुणाही मोठ्या माणसाने ती मुलाला शिकवलेली नसतात. ‘बसला’, ‘पडला’, ‘हसला’ ऐकून मुलाने नियम स्वतःच काढलेला असतो, आणि तो नियमाने चालतो. नियम मोडतो तो भाषेने. ‘केला’, ‘मेला’, ‘आला’ ही भाषेची लहर आहे. अमेरिकेतल्या जीन बर्को यांनी 1958 मध्ये मुलांना ‘वग’ नावाच्या कपोलकल्पित प्राण्याचे चित्र दाखवले आणि असे दोन प्राणी असले तर काय म्हणाल, असे विचारले. कधी न ऐकलेल्या शब्दाचे अनेकवचन बहुतेक मुलांनी बिनचूक केले. त्याआधी रशियातल्या कर्नेई चुकोव्स्की या बालकवीने लहान मुलांच्या अशाच बोलांचा संग्रह केला होता. तो 1928 मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला आणि पुढे ‘दोन ते पाच’ या अर्थाच्या नावाने जगभर वाचला गेला. तेव्हा ‘करला’ म्हणणाऱ्या मुलाला व्याकरण येत नाही असे समजू नये. ते त्याला जरा जास्तच येते.

गणिताच्या तासाला तर मराठी भाषा स्वतःच विनोद करते. एकवीस म्हणताना आधी एक येतो आणि मग वीस, लिहिताना मात्र आधी दोन. कन्नडमधला ‘इप्पत्तोंदु’ सरळ वीस-एक असतो. त्यामुळे घरी कन्नड मोजणारे मूल शाळेत ‘एकवीस’ ऐकून 12 लिहिते, आणि ऐकले तसेच लिहिले म्हणून खुशीत वही दाखवायला येते. महाराष्ट्रात 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनपद्धती आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला! बावनकुळे या आडनावाचे आता काय करायचे, अशा कोट्या झाल्या. समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की ही सोय मुलांसाठी आहे. कोट्या करणाऱ्यांपैकी कितीजण दुसरीच्या वर्गात तासभर बसले होते, हे विचारण्याजोगे आहे. ‘एकोणतीस’ शिकवताना एका मुलीने आपल्या बाईंना विचारले, “तीस अजून आलेच नाहीत, तर त्यांतला एक कमी कसा करायचा?” बाईंनी त्या दिवशी तास पाच मिनिटे आधी संपवला.

एवढे हसून झाल्यावर एका वर्गाची हकिकत सांगणे आवश्यक आहे.

पहिलीत एक मुलगा होता. वडील मराठी, आई कन्नड. जुलै महिना, चित्रवाचनाचा तास. तक्त्यावर विहीर, गाय, बैलगाडी आणि मोठे झाड. बाईंनी पट्टीने झाड दाखवले आणि तो उत्साहाने उभा राहून मोठ्याने म्हणाला, “मर!” कन्नडमध्ये मर म्हणजे झाड. पुढच्या बाकावरचा मुलगा ताडकन उठला. “बाई, हा मला मर म्हणतो!” वर्ग हसून लोटपोट झाला. बाईंनी सगळ्यांना गप्प केले आणि अर्थ समजावून सांगितला, पण तोपर्यंत मुलाचे कान लाल झाले होते. त्यानंतर दोन दिवस मधल्या सुट्टीत त्याला पाहिले की पोरे ‘मर, मर’ ओरडत पळत.

तो वर्गात बोलेनासा झाला. लिहीत होता, चित्रे काढत होता, विचारले तर मान हलवत होता. लाजाळू मुले असतात, तसे समजून कदाचित हे खपून गेले असते. पण ऑगस्टमध्ये त्याची आई शाळेत आली. तिचे मराठी मोजक्या शब्दांचे. ती म्हणाली, “तो मला सांगतो, अम्मा, रस्त्यात कन्नड बोलू नको. घरी पण नको.” एवढे सांगून ती थांबली. तिला तक्रार करायची नव्हती. मुलाशी आता कोणत्या भाषेत बोलायचे, हे विचारायला ती आली होती.

हशाचा हा भाग पालकांनी नीट लक्षात घ्यावा, कारण तो केवळ शाळेत घडत नाही. मूल काही गमतीदार बोलले की त्याला पाहुण्यांसमोर पुन्हा बोलायला लावले जाते. हल्ली (येथे छताकडे पाहू नये) त्याची चित्रफीत काढून ती सगळ्या नातेवाइकांना पाठवली जाते. मोठ्यांना ते कौतुक वाटते. मुलाला कळते ते एवढेच की आपण गंभीरपणे एक गोष्ट सांगितली आणि सगळे आपल्याकडे पाहून हसले. पुढच्या वेळी ते विचार करून बोलते, आणि सहाव्या वर्षी विचार करून बोलणे म्हणजे बहुधा न बोलणे. आजीने ‘करला’ ऐकून ‘केला का? छान!’ म्हणावे, एवढी दुरुस्ती पुरते.

त्या वर्गाच्या बाईंनी त्या आईला दुसऱ्या दिवशी वर्गात बोलावले. व्याख्यानासाठी नव्हे. खिडकीतून अंगणातले करंजाचे झाड दिसते, ते दाखवून त्यांनी विचारले, “याला तुमच्याकडे काय म्हणतात?” ती म्हणाली, “होंगे मर.” मुले हसली. मग बाईंनी विचारले, “आणि आंब्याच्या झाडाला?” “माविन मर.” “नारळाच्या?” “तेंगिन मर.” तिसऱ्या झाडापर्यंत हसणे संपले होते आणि मुले स्वतःच झाडांची नावे सुचवू लागली होती. फळ्याच्या एका कोपऱ्यात दोन उभे रकाने आखले गेले. रोज कुणीतरी घरून असा एक शब्द आणायचा, जो दोन्ही भाषांत ऐकू सारखा येतो पण अर्थ निराळा असतो. वर सांगितलेले ऊठ, आठ, हल्ली यांपैकी बरेच त्याच फळ्यावरचे आहेत. ‘बाई’ हा शब्द कुणी आणला हे विचारल्यावर सगळा वर्ग एकदम निष्पाप झाला होता.

काही पालकांना हे रुचले नाही. मराठी शाळेत मुलांना मराठीसाठी पाठवायचे आणि फळ्यावर कन्नड शब्द, हे कसे? प्रश्न रास्त होता आणि बाईंनी तो टाळला नाही. ज्या मुलाला आपल्या आईच्या भाषेची लाज वाटू लागते, त्याला उद्या बापाच्या भाषेचीही वाटेल, आणि मग तो दोन्ही सोडून तिसरीकडे जाईल, असे त्यांचे म्हणणे होते. या शहरात ते तिसरीकडे जाणे किती सोपे आहे, हे येथे बसलेल्या प्रत्येक पालकाला ठाऊक आहे. दोघा-तिघांचे समाधान झाले नाही. फळ्याचा कोपरा मात्र तसाच राहिला.

तो मुलगा तरीही बोलला नाही. फळ्याकडे लक्ष असे, कधी ओठ हलत, पण आवाज नाही. गणपती गेले, दसरा गेला. बाईंनी त्याला बोलायला लावले नाही, आणि इतरांनाही लावू दिले नाही.

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीच्या दोड्ड बसवण्णाच्या देवळापाशी कडलेकाई परिषे भरते. कडलेकाई म्हणजे भुईमुगाच्या शेंगा. आसपासचे शेतकरी नव्या पिकाच्या शेंगा आणतात, रस्त्याच्या दोन्ही कडांना त्यांचे ढीग लागतात. दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात विचारले, “काल कुणी कुठे फिरायला गेले होते का?” मागून एक हात वर आला. तो त्याचा होता.

“आम्ही बसवनगुडीला गेलो.”

“अरे वा! तिथे काय होतं?”

“हो.”

“हो काय? काय होतं ते सांग ना.”

“काय होतं, बाई. खूप काय होतं.”

“अरे, पण काय?”

“रस्त्यावर काय, देवळात काय, गाडीवर काय. सगळीकडे काय.”

बाई गोंधळून त्याच्याकडे पाहत राहिल्या. वर्गातली घरी कन्नड बोलणारी मुले आधी खुदखुदली, मग त्यांनी शेजाऱ्यांच्या कानात सांगितले, आणि हसू एकेका बाकावरून पुढे येत गेले. तोही हसत होता. बाई सापडणार हे त्याला हात वर करतानाच ठाऊक असावे. तो जागेवरून उठून टेबलाशी आला, अर्ध्या चड्डीच्या खिशात हात घातला आणि मूठभर शेंगा बाईंच्या पुढ्यात ठेवल्या.

“हे काय!”